चव्वेचाळीसचे अडतीस

रेश्मा, तुला कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या साहेबाने फसवलं. तुझ्या हक्काची जागा त्याने तुझ्या डोळ्यांदेखत काढून घेतली, तुझी शिष्यवृत्ती बुडवली आणि हे काम त्याने माझ्या हातून करून घेतलं. आधीच लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. गेलेल्या माणसाबद्दल लोक सुरुवातीला गोड लिहितात. मला ते जमणार नाही. तुझं बारावं होऊन चार दिवस झाले, माझ्या उजव्या मुठीची सूज अजून उतरलेली नाही, आणि पेन धरलं की आधी दुखतं आणि मग राग येतो.

तू माझ्या थोरल्या भावाची मुलगी. हर्णेला जन्मलीस, हर्णेलाच तुझा डावा पाय कायमचा अधू झाला आणि अकरावीला तू माझ्याकडे मांडवीला राहायला आलीस. मला पोरबाळ नाही. नवरा होता, त्याला मी स्वतः घराबाहेर काढलं, ते तुला ठाऊक आहे. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मी पाटी घेऊन उभी राहायचे, तेव्हा मला कुणी पुढे सरकू देत नव्हतं. कोपर मारून जागा केली. आज मांडवीला माझं सुक्या मासळीचं दुकान आहे, चार हॉटेलांना ताजी मासळी मी देते. शाळा दहावीला सुटली. पुढचं मराठी मी सोडे आणि बोंबील बांधायच्या रद्दीतले अग्रलेख वाचून शिकले. तू हसायचीस. ‘आते, तू भांडतेस पण संपादकासारखी.’

तुझा पाय गेला तेव्हा तू सात वर्षांची होतीस. होडी किनाऱ्यावर ओढायचं काम चाललं होतं. दोर तुटला. होडी ओंडक्यांवरून घसरत मागे गेली, आणि तिच्या मागे वाळूत बसून तू खेकड्याच्या बिळात काडी घालत होतीस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी झावळी पायाखाली मोडते तसा आवाज. माणसांनी होडी उचलेपर्यंत तुझं ओरडणं थांबलं होतं. मी तुला घेऊन पळाले. माझं लुगडं तुझ्या रक्ताने पायाला चिकटत होतं. टेम्पोवाला म्हणाला, ‘सीट खराब होईल.’ मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. दात रुतले. त्याने निमूट टेम्पो काढला.

नंतर महिनाभर दवाखाना. बाराव्याला आलेल्या एक बाई म्हणाल्या, तिथल्या सिस्टरना बघून तुझ्या मनात सेवाभाव जागा झाला. सेवाभाव कसला! खरं कारण तू मला भाट्याच्या पुलावर उभं राहून सांगितलं होतंस. ‘आते, ती सिस्टर डॉक्टरला पण ओरडायची. अगदी तुझ्यासारखी. पण तिला त्याचा पगार मिळतो.’ मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच दिवशी मी ठरवलं की तुला नर्स करायचं, मग मध्ये कोण येईल त्याची मान मुरगाळावी लागली तरी चालेल.

मध्ये तो साहेब आला, आणि मी त्याची मान मुरगाळली नाही. मी त्याच्याशी सौदा केला.

कॉलेज मांडवीपासून तासाभरावर, हायवेच्या कडेला, जांभा फोडून सपाट केलेल्या माळावर. आपण दोघी गेलो होतो. तू निळा ड्रेस घातला होतास. डावा पाय किंचित ओढत तू काउंटरपाशी गेलीस. साहेबाने तुझ्या चेहऱ्याआधी पाय बघितला.

‘टक्के किती?’

‘बारावीचे?’ तू विचारलंस.

‘पायाचे.’

‘चव्वेचाळीस.’

त्याने पेन खाली ठेवलं. ‘मग कठीण आहे. अपंगत्व चाळीसच्या वर गेलं की नर्सिंगला अनफिट. वॉर्डात आठ-आठ तास उभं राहायचं असतं.’

‘माझ्या दुकानात दिवसभर उभी असते ती,’ मी म्हटलं.

‘बाई, नियम आहे.’

‘नियमात कमीजास्त काय होतं ते सांगा.’

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मी आयुष्यभर ज्या नजरेने गिऱ्हाईक जोखते तीच ती नजर होती, आणि मला ती ओळखता आली नाही. आवाज उतरवून तो म्हणाला, ‘चाळीसच्या आतलं सर्टिफिकेट आणा. जनरलमधून सीट देतो. नंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा. अपंग मुलांना ती मिळतेच, त्यातून फी आणि हॉस्टेल सगळं सुटतं.’

तू विचारलंस, ‘सर, हा नियम कुठे लिहिलेला आहे? मला वाचायला मिळेल का?’

मी काउंटरखालून तुझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. मोठ्यांचा सौदा ठरत असताना पोरीने मध्ये तोंड घालायचं नाही, हा आमच्या बाजारातला रिवाज. रेश्मा, त्या दिवशी त्या खोलीत बरोबर प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, आणि मी त्याला चिमटा काढून गप्प केलं.

चव्वेचाळीसचे अडतीस करायचे. मला त्यात काहीच अवघड वाटेना. हजाराचे सातशे करत माझा जन्म गेला. सरकारी दवाखान्यात मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, ‘चव्वेचाळीस जास्त लावलेत. अडतीस करा.’ ते हसले. ‘मावशी, हा काय बांगड्यांचा वाटा आहे? पुन्हा तपासायचं तर तपासू. मापात येईल तेच लिहिणार.’ भला माणूस होता. त्याला काय माहीत, माप कसं फिरवायचं ते मला पुरतं कळलं होतं. जितका गुडघा वाकेल तितके टक्के कमी.

तपासणीला बारा दिवस होते. रोज सकाळी मी तुला सतरंजीवर पालथं झोपवलं, तुझ्या तोंडात टॉवेल दिला आणि तुझा डावा पाय मागे दाबला. पहिल्या दिवशी तू टॉवेल थुंकून म्हणालीस, ‘आते, नको गो. चव्वेचाळीसच राहू दे. मी दुसऱ्या कॉलेजात विचारते.’ मी म्हटलं, ‘गप. चार दिवस दुखेल, जन्माचं सुख होईल.’ आणि पाठीवर बसून आणखी दाबला. गुडघ्यात आतल्या आत काहीतरी कटकन वाजायचं. दाबल्या जागी निळे वळ उठले, एका जागी कातडी सोलली. पाचव्या दिवशी तू माझ्या हाताला चावलीस, आणि मला अभिमान वाटला, माझीच पोर म्हणून. असली बाई मी.

तपासणीच्या दिवशी तू ओठ आवळून सरळ चाललीस. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, माप लावलं, पुन्हा लावलं. अडतीस. बाहेर व्हरांड्यात येऊन मी टाळी वाजवली. सहा उतरवले! तू बाकावर बसलीस, खाली वाकलीस आणि ओकलीस. मी तुझी पाठ चोळत होते आणि मनात पेढ्यांचा हिशोब करत होते.

प्रवेश मिळाला. ते पहिले महिने मात्र कुणाला हिसकावून घेता यायचे नाहीत, ते माझे आहेत. हॉस्टेलवरून शनिवारी आलीस की दुकानाच्या बाकावर तुझा दवाखाना. बाजारातल्या बायका रांग लावायच्या. तू बीपी मोजायला दंडाला पट्टा बांधायचीस आणि फुग्यासारखा बल्ब दाबत ओरडायचीस, ‘काकी, बोलू नका! तुमची जीभ चालली की आकडा वर जातो.’ त्या म्हणायच्या, ‘मग तुझ्या आतेला कधी मोजायचीच नाय.’ पट्टी बांधायचा अभ्यास तू माझ्यावर केलास. एकदा डोकं, एक डोळा आणि उजवा हात, एवढं सगळं बांधून ठेवलंस आणि तेवढ्यात हॉटेलवाला पापलेट घ्यायला आला. घाबरून त्याने भावच केला नाही. तू आत पोट धरून हसत होतीस. मिठाने चिरलेल्या माझ्या बोटांना तू मलम लावायचीस आणि एकेका भेगेला पुस्तकातलं नाव सांगायचीस. माझ्या हाताकडे तोवर कुणी इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर उत्तर आलं. अपात्र. अपंगत्व किमान चाळीस टक्के हवं, अर्जदाराचं अडतीस.

मी फॉर्मची प्रत घेऊन गेले, तू पण मागून आलीस. साहेबाने चष्मा वर केला. ‘यात मी काय करणार? सर्टिफिकेट तुम्हीच आणलंय.’

‘तुम्हीच सांगितलं होतंत चाळीसच्या आत आणा म्हणून!’

‘कुठे लिहून दिलंय का मी?’

‘आधीचं चव्वेचाळीसचं आहे ना आमच्याकडे.’

‘नवीन असताना जुनं चालत नाही.’ आणि मग तो हसला. थोडंसंच. ‘बाई, तुमची पोर अपंग नाही ही आनंदाची गोष्ट आहे. पेढे वाटा.’

काउंटरवर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलला आणि फेकला. त्याच्या डोक्यावर नेम होता, तू माझा हात ओढलास म्हणून मागची काच फुटली. मग मी काउंटरची काच हाताने फोडली. लोक धावले. माझ्या मनगटातून रक्त उडून फॉर्मवर पडलं, आणि तू, माझ्यावर ओरडत ओरडत, ओढणीने माझं मनगट बांधलंस. ‘हात वर धर! वर धर म्हणते ना! आते, तू काय लहान आहेस?’ साहेब टेबलाआड उभा होता, पांढराफटक. मला त्या क्षणी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही ते आठवून बरं वाटतं. पोलीस ठाण्यात तक्रार झाली, काचेचे पैसे भरून घेतले, मला समज दिली. तुला दिली गेली ती शिक्षा वेगळी. त्या दिवसापासून ऑफिसात तुझं नाव ‘काचवाली’.

मी भांडण करून घरी आले आणि झोपले. तू झोपली नाहीस. तू वाचत बसलीस. आठवड्याने तू दोन कागद घेऊन दुकानात आलीस आणि सुकटीच्या पाटीवरच ठेवलेस. एक प्रवेशाचा नियम. तू वाचून दाखवलास. पायाचं अपंगत्व चाळीस ते पन्नास टक्के असेल, त्या मुलांसाठी नर्सिंगला राखीव जागा आहे. चाळीस ते पन्नास. चव्वेचाळीस त्यात मधोमध बसत होते. जागा पण तुझी, शिष्यवृत्ती पण तुझी. काही करायचंच नव्हतं. जसा होता तसा पाय घेऊन उभं राहायचं होतं.

दुसरा कागद त्या वर्षीच्या प्रवेश यादीचा फोटो. राखीव जागेपुढे लिहिलं होतं, ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही, जागा सर्वसाधारण प्रवर्गात वर्ग.’ म्हणजे ती जागा साहेबाला हवी त्याला द्यायला मोकळी झाली. तू त्याच काउंटरपुढे निळा ड्रेस घालून उभी होतीस.

तू म्हणालीस, ‘आते, पाय माझा होता. तू मला एकदा तरी विचारायचं होतंस.’ मी सुकटीत हात घालून नुसती चाळत बसले. उत्तर द्यायला हवं होतं. ‘चुकले गो’, दोन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत, कारण बाजारात जो आधी चुकलो म्हणतो त्याचा माल पडून राहतो.

पुन्हा तपासणीला गेलो. तेच डॉक्टर. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ‘आधी कमी करा म्हणालात, आता वाढवा म्हणता? मावशी, मध्ये काय केलंत या गुडघ्याचं?’ तू खाली बघितलंस. माझं नाव घेतलं नाहीस. ते म्हणाले, वर अर्ज करा, मंडळ बोलावेल, वेळ लागेल. आपण अर्ज केला. तो अजून तिथेच आहे, ज्या पायासाठी केला तो जळून गेला.

दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलने कळवलं, शिष्यवृत्ती नसेल तर पूर्ण रक्कम भरा नाहीतर खोली सोडा. आणि इथे, रेश्मा, माझा दुसरा गुन्हा आहे. साहेबाचा त्यात हात नाही.

माझ्याकडे पैसे होते. तुलाही माहीत होतं. मी भरले नाहीत. हर्णेच्या लिलावात मी एकच विद्या शिकले: भाव पटला नाही की पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. विकणाऱ्याला घाई असते, कारण मासळी सडते. दहा पावलांत हाक येते. मी सगळ्यांना सांगत सुटले, ‘एक पैसा भरणार नाय. भरला की ते जिंकले. खोली रिकामी राहील, बोंब होईल, आपोआप बोलावतील.’ तुझ्या बाबाने बोटीवरून फोन केला, ‘अगो, मी पाठवतो थोडे.’ त्यालाही मी शिव्या घातल्या. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे दादा, तू मध्ये पडू नको.’

तू रोज वडापने जायला लागलीस. भरलेली जीप, आत जागा नसली की मागच्या पायरीवर लटकायचं. ज्या गुडघ्याला मी बारा दिवस दाबलं होतं त्याच्यावर भार देऊन. पाय सुजायचा. तू रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून पुस्तक वाचायचीस आणि मी बाजूला बसून साहेबाला शिव्या द्यायचे. एकदा तू पुस्तकातून वर न बघता म्हणालीस, ‘आते, शिव्यांनी सूज उतरत नाय. बर्फ आण.’

शेवटचं भांडण रविवारी झालं. तू स्वच्छ, शांत बोललीस. ‘हॉस्टेलचे पैसे भर. नोकरी लागल्यावर फेडीन. लढायचं ते लढत राहू, पण मला तिथे राहू दे.’

‘अजून एक महिना थांब. ते येतात की नाय बघ.’

‘ते कशाला येतील? त्यांचं काय अडलंय? आते, तू मासळी घेताना पाठ फिरवतेस कारण तिकडे मासळी सडते. इथे रोज कोण सडतंय ते बघ जरा. तू माझ्याकडे पाठ करून चालली आहेस.’

मी तुझ्या कानफटात दिली. पाची बोटं उठली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती सुकट तशीच टाकून निघून गेली. तू रडली नाहीस. आत गेलीस, पट्टा घेऊन आलीस, माझ्या दंडाला बांधलास आणि बल्ब दाबायला लागलीस. तुझ्या गालावर माझी बोटं लाल दिसत होती आणि तू आकडा बघत होतीस. ‘एकशे सत्तर. मला मारता मारता तूच मरशील. उद्यापासून पापड आणि लोणचं बंद.’

‘चुकले गो’ तेव्हाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, ‘उद्या बँकेत जाते.’ माझ्या भाषेत ते तेच होतं. तुला ते कळलं की नाही, हे मला आता कोण सांगणार? तू फक्त म्हणालीस, ‘बरं.’

सोमवारी सकाळी मी बँकेच्या दारात उभी असताना फोन आला.

जीप भरलेली होती. तू मागच्या पायरीवर उजवा पाय ठेवलास, डावा वर घेत होतीस. तो लवकर वर येत नाही. ड्रायव्हरने मागे बघितलं नाही, गाडी सोडली. तू रस्त्यावर पडलीस आणि मागून येणारा जांभ्याचा ट्रक थांबू शकला नाही. मी पोहोचले तेव्हा कुणीतरी तुझ्यावर चादर टाकली होती आणि ती चादर मधे जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. मी ती उचलली. लोक नको नको म्हणत होते. मी बघितलं. मी आयुष्यभर कोयत्याने मासळी कापली आहे, मला रक्ताचं काही वाटत नाही असं मी सांगत असे. रेश्मा, मला त्या दिवशी कळलं की मला काहीही माहीत नव्हतं.

ड्रायव्हर पळाला नव्हता, जीपमध्येच स्टीअरिंग धरून बसला होता. मी त्याला केसाला धरून बाहेर ओढला. चपलेने मारला, मग मुठीने. त्याचा ओठ फाटला, दात माझ्या बोटात घुसला. तो हात जोडून म्हणत होता, ‘मावशी, रोज चढते ती, मला वाटलं चढली.’ मी त्याचं डोकं जीपच्या दारावर आपटलं. चार जणांनी मला मागे ओढलं तेव्हा मी दारावरच ठोसे मारत होते, पत्रा आत जाईपर्यंत. मुठीची सूज त्याची आहे. तो ड्रायव्हर तुझ्याच वयाचा असेल. त्याला मी मारलं कारण तो हाताशी होता. ज्याला मारायला हवं होतं तो तासाभरावर पंख्याखाली बसला होता, आणि दुसरी जी होती ती स्वतः मारत होती.

तुला आंघोळ घालताना तुझी आई तुझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, ‘वन्सं, गुडघ्याला हा जुना डाग कसला?’ त्या बारा दिवसांत कातडी सोलली होती तिथे काळपट डाग उरला होता, दीड वर्षानेही. मी सांगितलं. सगळं, टॉवेलसकट. वहिनीने हातातला तांब्या माझ्या अंगावर फेकला. तो कपाळाला लागला. मी पुसलं नाही. आमच्या दोघींचं त्यानंतर बोलणं नाही, आणि तिने बोलू नये असंच मला वाटतं.

बाराव्याला कॉलेजकडून तुझ्या दोन मैत्रिणी आल्या. त्यांनी तुझी वही आणली, तुझा पांढरा कोट इस्त्री करून आणला. चांगल्या मुली. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यातल्या एकीने सांगितलं की तू त्यांना इंजेक्शन द्यायला शिकवताना तुझाच दंड पुढे करायचीस. त्यांच्याबरोबर एक लिफाफा होता. कॉलेजचा शोकसंदेश, सूचनाफलकावर लावलेल्याची प्रत. मी तो उभ्याने वाचला.

‘आमच्या संस्थेची दिव्यांग विद्यार्थिनी कु. रेश्मा हिचे अपघाती निधन झाले. दिव्यांग असूनही तिने जिद्दीने शिक्षण सुरू ठेवले होते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पाठीशी संस्था सदैव उभी राहिली आहे.’ खाली त्या साहेबाची सही, शिक्क्यासकट.

तीनदा. चार ओळींत तीनदा त्याने दिव्यांग लिहिलं. जागा द्यायची होती तेव्हा पात्र उमेदवार उपलब्ध नव्हता. शिष्यवृत्ती द्यायची होती तेव्हा तू धडधाकट होतीस, पेढे वाटा म्हणाला. आणि आता, संस्थेच्या पाठीवर शाबासकीची थाप मारायला त्याला तुझा पाय हवा होता, तर तो त्याने चितेवरून उचलला.

वाचल्यावर मी आत गेले आणि कोयता हातात घेतला. हेही लिहून ठेवते. एसटी स्टँडपर्यंत पिशवीत घालून गेले. तिथे बाकावर बसले. बाजूला तुझ्या त्या दोन मैत्रिणी परतीच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांनी मला बघितलं, जवळ सरकल्या, आणि एकीने माझा हात हातात घेऊन सूज तपासली. ‘एक्स-रे काढलात का? हाड मोडलं असेल.’ तुझ्याच आवाजात ओरडली, ‘असा घेऊन फिरता हा हात?’ मी घरी आले. कोयता जागेवर ठेवला. त्याला मारलं तर तो सुटेल. लोक त्याच्यासाठी पण असाच संदेश लिहितील.

म्हणून लिहायला बसले. माझा वाटा मी लपवलेला नाही. चिमटा माझा, टॉवेल माझा, थप्पड माझी, बँकेला उशीर माझा. तुझ्या आईने तांब्या फेकला, उद्या आणखी काही फेकलं तरी मी तिथेच उभी राहीन. तुझ्या आईबाबांना घेऊन सोमवारी मी त्या काउंटरपुढे जाणार आहे. बरोबर तुझा नियमाचा कागद, तुझी यादी, दोन्ही सर्टिफिकेटं आणि त्याच्या सहीचा शोकसंदेश. हात बांधलेला असेल, काच फुटणार नाही. मला फक्त त्याला बोलताना ऐकायचं आहे. माझी पोर जिवंत होती तोवर तुमच्या हिशोबात अडतीस टक्के होती. चाळीस लागत होते. ती मेल्यावर वरचे दोन टक्के तुम्ही कुठून आणलेत, साहेब, आणि ती समोर उभी होती तेव्हा ते कुठे ठेवले होतेत? तोंडी नको. लिहून द्या, सही करा, आणि तिच्या आईसमोर मोठ्याने वाचा.